फुटवा खातंय कोण

ज्यांचं पोटाचं दुखणं महिनोन्‌महिने ‘मनाचं आहे’ म्हणून बाजूला ठेवलं गेलं, अशा कुणासाठी तरी मी हे लिहिते आहे. मी अजून पूर्ण बरी झालेली नाही. होईन की नाही, हेही कुणी छातीठोकपणे सांगितलेलं नाही. त्यामुळे हे वाचून धीर येईल असं वचन मी देऊ शकत नाही. जे झालं ते, जसं आठवतं तसं, सावकाश सांगते.

कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी काम करते. घर राजारामपुरीत. घरात माझे पती सुधीर, त्यांची आई आणि मी असे राहायचो. मुलगी सई पुण्यात शिकते. सुधीर दिवाळीच्या तोंडावर गेले. ऑफिसात, खुर्चीत बसल्याजागी, हृदय बंद पडून. सकाळी भरून दिलेला डबा संध्याकाळी तसाच परत आला. त्यांच्या आईनं तो उघडला, वास घेतला आणि म्हणाल्या, “भाजी अजून चांगली हाय.” त्या संध्याकाळी घरात एवढंच वाक्य बोललं गेलं.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. आमच्याकडे तशी रीत आहे. त्या मुरगूडच्या. बोलणं तिकडचं, मोठ्यानं आणि सरळ. इकडच्या कितीतरी बायकांसारखं स्वतःबद्दल बोलतानाही त्या ‘मी करतो, मी येतो’ असंच म्हणतात. मुलगा गेल्यावर त्यांचा तो आवाजच बसला होता. परत फुटला तो माझ्यामुळे. म्हणजे माझ्या पोटामुळे.

*

संक्रांतीच्या सुमारास सुरुवात झाली. खाल्लेलं पोटात ठरेना. आधी दिवसातून दोनदा, मग चारदा, मग मी मोजणं सोडलं. ग्रंथालयातलं माझं टेबल मी खिडकीपासून हलवून मागच्या कपाटांजवळ नेलं. तिथून स्वच्छतागृह जवळ पडायचं. मुलांना वाटलं, मॅडमना एकटं बसायचं असेल. खोटं नव्हतं ते.

वजन उतरत होतं ते मला काट्यावर नव्हे, साडीत कळलं. निऱ्या वाढल्या. एरवी ज्या साडीला सहा यायच्या तिला आठ येऊ लागल्या, तरी पदराला कापड उरायचं. एका सकाळी आत्या माझ्याकडे बघत दारात उभ्या राहिल्या.

“निऱ्या लई झाल्या गं, मेधा.”

“साडी मोठी आहे आत्या.”

“साडी तीच हाय. मी घेतली हुती. मला सांगू नगंस.”

आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, मनावर परिणाम झालाय, होईल हळूहळू. त्यांनी झोपेची गोळी दिली. नणंद म्हणाली, दुःख पोटात धरलंयस, रडून घे. ग्रंथालयातले सहकारीही तेच म्हणाले. खरं सांगायचं तर मलाही ते पटलं होतं. इतकं जवळचं माणूस गेल्यावर माझ्या शरीरानं काहीच केलं नसतं, तर मलाच ते लाजिरवाणं वाटलं असतं. म्हणून मी तपासणी मागितली नाही. आपलं दुःख आहे, आपण भोगावं, असं समजून मी झिजत राहिले.

ज्यांच्या घरात नुकतं कुणी गेलंय त्यांना मी एवढंच सांगेन. दुःखानं भूक जाते, झोप जाते. पण महिनोन्‌महिने जुलाब होत असतील, तर एकदा रक्त तपासून घ्या. दुःखाच्या आडोशाला दुसरं काहीतरी बसलेलं असू शकतं.

*

आत्यांनी मात्र पहिल्या दिवसापासून उपचार सुरू केले होते. त्यांचा एकच उपचार. मऊ भात, त्यावर तूप आणि मेतकूट.

या मेतकुटाची एक गोष्ट आहे आणि ती आमच्याकडे आलेल्या प्रत्येकाला ऐकावी लागते. सुधीर तीन वर्षांचे असताना त्यांना हगवण लागली होती. सासरे तेव्हा मुरगूडला शाळेत मास्तर होते. औषधं झाली, अंगारे झाले, पोर कापडाच्या घडीसारखं पडून राहायचं. शेजारच्या काकूंनी आत्यांना मेतकूट करायला शिकवलं. डाळी, तांदूळ खमंग भाजून, जात्यावर दळून. आत्यांनी ते मऊ भातात कालवून बोटानं चाटवायला सुरुवात केली. पोर आठवड्यात उठून बसलं.

“डॉक्टरनं हात टेकल्यालं,” आत्या सांगायच्या. “मी न्हाय टेकलं. या हातानं वाचवलाय त्याला.”

सुधीर असताना ही गोष्ट सुरू झाली की ते माझ्याकडे बघून डोळे मिटायचे. ते गेल्यावर आत्या ती गोष्ट सांगायच्या आणि शेवटच्या वाक्याला थांबायच्या. वाचवलाय, या शब्दापुढे आता काही म्हणायची सोय नव्हती.

उन्हाळ्यात पापड-सांडग्यांच्या दिवसांत त्यांनी मोठा स्टीलचा डबा भरून मेतकूट केलं. एरवी अर्धं नातेवाइकांत वाटायच्या, त्या वर्षी वाटलं नाही. “हे समदं तुझं,” म्हणाल्या. “तुला न्हाय जाऊ द्यायची मी.”

*

पावसाळ्याच्या शेवटी एका दुपारी पुस्तकावर शिक्का मारताना माझी बोटं आखडली. पाचही बोटं चिमटीसारखी एकत्र आली आणि सुटेनात. समोरची मुलगी हसली, तिला वाटलं मी गंमत करतेय. मग पायही आखडले आणि मी टेबलाखाली गेले.

दवाखान्यात रक्त तपासलं तेव्हा त्यात काहीच नव्हतं. लोह नाही, कॅल्शियम नाही, प्रथिनं नाहीत. मी रोज जेवत होते आणि जेवलेलं कुठेच पोचत नव्हतं. घशातून नळी घालून आतडं तपासलं, त्याचे कण काढून पाठवले. निकाल आला त्या दिवशी पोटाचे डॉक्टर खुर्ची ओढून माझ्या खाटेजवळ बसले. डॉक्टर बसले की काहीतरी मोठं असतं, हे मला सुधीरना ऑफिसातून दवाखान्यात नेलं होतं त्या दिवशी कळलं होतं. म्हणून ते बोलायच्या आधीच मी आत्यांचा हात धरला.

आजाराचं नाव त्यांनी सांगितलं, सीलिअॅक. मग औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीवर चित्र काढलं. लहान आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते, अन्न तीच शोषते. माझी लव झडून सपाट झाली होती. गव्हात ग्लूटेन नावाचं जे असतं ते माझ्या शरीराला शत्रू वाटत होतं आणि त्या भांडणात लव मारली जात होती.

“परत येते का?” मी विचारलं.

“ती तशीही दर चार-पाच दिवसांनी नवी होत असते. तुमची, माझी, सगळ्यांचीच.” त्यांनी लवेच्या बुडाशी बारीक खळगे काढले आणि प्रत्येकाच्या तळाशी टिंबं दिली. “या मूळपेशी. यांचं काम थांबत नाही. या खाली नव्या पेशी घडवतात, त्या वर सरकत लवेच्या टोकाला जातात आणि तिथून गळतात. मारणारं बंद झालं की याच पुन्हा लव उभी करतील. औषध असं काही नाही. गहू बंद. रवा, मैदा, शेवया, ब्रेड, बिस्किटं, सगळं बंद.”

“कवापतुर?” आत्यांनी विचारलं.

“जन्मभर, मावशी.”

“जन्मभर?” आत्या डॉक्टरांना वरपासून खालपर्यंत न्याहाळत म्हणाल्या. “आमच्यात पिढ्या चपाती खात आल्यात. गव्हानं कोन मेल्यालं मी तरी ऐकलं न्हाय.”

“यांनी मरू नये म्हणूनच सांगतोय.”

आत्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग पदर खोचत म्हणाल्या, “मग आजपास्नं गहू भायेर.”

*

दवाखान्यातले दिवस एकसारखे. पहाटे फिनेलचा वास, मग झाडू, मग सुई. शिरेतून लोह जायचं, कोऱ्या चहाच्या रंगाचं, थेंब थेंब. पायांना सूज होती. बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तो भरून यायची वाट बघत मी वेळ काढायची. वाचायला आणलेलं पुस्तक उशाखाली तसंच राहिलं.

शेजारच्या खाटेवर राधानगरीकडच्या एक म्हाताऱ्या आजी होत्या. त्यांनी सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “तुला काय झालंय गं बाई?”

“मला गहू चालत नाही आजी.”

“एवढंच? मग तांदूळ खा की! आमी जन्मभर त्येच खातोय. त्येच्यासाठी दवाखान्यात कशाला यायला पायजे?”

अख्खा वॉर्ड हसला. मीही हसले. सुधीर गेल्यानंतर मी पहिल्यांदा आवाज काढून हसले आणि लगेच आत्यांकडे बघितलं. त्याही हसत होत्या. दोघी एकदमच थांबलो.

*

घरी आल्यावर आत्यांनी गहू घराबाहेर काढला, तो नुसता काढला नाही, हाकलला. गव्हाची कोठी शेजाऱ्यांना दिली. कोठीची जागा तीनदा पुसली. तवा, परात, चाळण नवी आणली. चहाबरोबर बिस्किटं घेऊन येणाऱ्यांना त्या दारातच सांगायच्या, “ती गेटच्या भायेर ठेवा.” वरच्या मजल्यावर पूजा झाली, प्रसादाचा शिरा आला. आत्यांनी हात जोडले, द्रोण कपाळाला लावला आणि परत दिला.

“देवाचं हाय, पर रव्याचं हाय. देव समजून घील. हिचं आतडं न्हाय घ्यायचं.”

गिरणीत त्या सकाळी सगळ्यात आधी जायच्या. एकदा मीही सोबत होते.

“पावणं, कालचं पीठ झाडून काढा. मग माझी ज्वारी टाका.”

“मावशी, ज्वारीचा दगड येगळा हाय. गहू पल्याड दळतोय.”

“वाऱ्याला सांगितलंय का पल्याड ऱ्हा म्हणून? झाडा म्हणतो तर झाडा की.”

गिरणीवाल्यानं ब्रश उचलला. “कुणासाठी एवढं? लेक हाय?”

“सून हाय.”

“मग तर अवघडच,” तो म्हणाला. “लेकीसाठी एवढं कोन करत न्हाय.”

आत्यांनी पैसे मोजून त्याच्या हातावर ठेवले. घरी येताना पिठाची पिशवी त्यांनी मला उचलू दिली नाही.

रोजचं जेवण ठरून गेलं. ज्वारीची भाकरी, दूधभोपळ्याची नाहीतर दोडक्याची भाजी, आणि दोन्ही वेळा मऊ भात, तूप, मेतकूट. आहार सांगणाऱ्या मुलीनं विचारलं तेव्हा मी हेच सांगितलं, भाकरी, भाजी, भात. मेतकूट सांगायचं मला सुचलं नाही. आमच्या घरात ते जेवणात धरतच नाहीत. ते औषध.

*

आणि काही फरक पडला नाही.

हे वाक्य लिहायला मला बराच वेळ लागला. पहिले काही आठवडे वाटलं, होतंय. मग वाटलं, थांबलंय. मग निऱ्या पुन्हा वाढल्या. सगळं नीट करूनही होत नाही म्हटल्यावर माणसाचं जे होतं ते काही न करता होणाऱ्या आजारात होत नसावं. मला माझ्याच शरीराची चीड आली. इतक्या मोठ्या मेहनतीनं आत्या भाकऱ्या थापतायत आणि हे आतलं काहीतरी तिकडे बघतही नाही.

पुन्हा नळी घातली. पुन्हा निकाल. डॉक्टर पुन्हा बसले.

लव तशीच सपाट होती. “पण तळाशी काम थांबलेलं नाही,” ते म्हणाले. “उलट जास्तच जोरात चाललंय. खळगे खोल झालेत ते त्यामुळेच. खालून तयार होतंय आणि वर टिकत नाही.”

मग त्यांनी दुसऱ्या शक्यता सांगितल्या. गहू सोडूनही न ऐकणारा एक दुर्मिळ प्रकार असतो. त्याला जड औषधं लागतात. तो कधीकधी पुढे कॅन्सरकडे जातो. तो शब्द त्यांनी एकदाच उच्चारला, हळू, आणि लगेच म्हणाले, “आत्ताच तिकडे जायला नको. पुढच्या वेळी घरात खाताय ते सगळं, अगदी चिमूटभर खात असाल तेही, घेऊन या. मग ठरवू.”

सई पुण्याहून आली ती बॅग भरूनच. “मी हे वर्ष सोडते.”

“काय करणार आहेस इथे?” मी म्हणाले.

“बाबांच्या वेळी मी नव्हते. फोनवर कळलं मला. आता मी कुठेही जाणार नाही.” आणि मग, स्वयंपाकघराकडे बघून, “आजीकडून काहीतरी चुकत असेल.”

आत तव्यावर भाकरी होती. ती उलटल्याचा आवाज आला नाही. जळल्याचा वास आला.

त्या काळात मी मरणाचा विचार करत होते. जीव द्यावा असं नव्हे. पण जायचंच असेल तर लवकर व्हावं असं वाटायचं. सईला वाटेल, आई लढली नाही. मी लढत नव्हतेच. मी थकले होते आणि कुणाला सांगता येत नव्हतं, कारण घरातल्या दोघींचे डोळे माझ्या ताटावर लागलेले असायचे. ताटात काय उरलं यावरून त्या माझा दिवस वाचायच्या.

ग्रंथालयात बसून मी आतड्याबद्दल जे सापडेल ते वाचत होते. लव चार-पाच दिवसांत नवी होते म्हणजे, ज्या अस्तरानं सुधीरबरोबरचं शेवटचं जेवण घेतलं ते केव्हाच गळून गेलं होतं. दहाव्याच्या आतच. आम्ही घाटावर पिंडाला कावळ्याची वाट बघत उभे होतो तेव्हा माझ्या आत त्या जेवणाची एकही साक्षीदार लव उरली नव्हती. हे वाचून मी पुस्तक मिटलं. फक्त तळाच्या मूळपेशींची वंशवेल तीच राहते, असं त्यात पुढे होतं. ते मी नंतर वाचलं.

*

डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दिवशी आत्यांनी विचारलं, “नेमकं काय म्हणतोय त्यो? मला नीट सांग. पोरगी रागानं सांगत्या, मला कळत न्हाय.”

मी चित्र काढून सांगितलं. लव, खळगे, तळाच्या पेशी. लव कापली गेली तरी तळ जिवंत असतो, तिथून पुन्हा येते.

“म्हंजे खोडवा की,” आत्या म्हणाल्या.

ऊस तोडला की बुडखे रानातच राहतात. त्यांच्यातून परत कोंब, म्हणजे फुटवे, येतात, पुन्हा ऊस उभा राहतो, नवी लागण करावी लागत नाही. त्याला खोडवा म्हणतात. मुरगुडात आत्यांच्या भावाचं सगळं रान उसाचं. मला इतक्या दिवसांत हे सुचलं नव्हतं.

“तसंच आत्या. अगदी तसंच.”

“आणि बुडखा जित्ता हाय?”

“जिवंत आहे. डॉक्टर म्हणाले, जास्तच जोरात फुटतोय.”

आत्यांनी चित्र हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं. त्यांच्या कपाळावर आठी आली.

“मग फुटवा खातंय कोन?” त्या म्हणाल्या. “बुडखा जित्ता, पानी हाय, आणि फुटवा दिसत न्हाय, म्हंजे कुणाचं तरी जनावर चरतंय. राखण करणाऱ्याला दिसंना झालंय एवढंच. रोज येतंय ते. रोजच्या वाटंनं.”

*

दवाखान्यात जाताना आत्यांनी सगळं कापडी पिशवीत भरलं. ज्वारीचं पीठ, तांदूळ, चटणी, मीठ, गूळ, तुपाची बरणी. सगळ्यात शेवटी मेतकुटाचा डबा. तो तळाला आला होता.

डॉक्टर एकेक वस्तू बाजूला ठेवत होते. आहार सांगणारी मुलगी शेजारी उभी होती. मेतकुटाच्या डब्याचं झाकण उघडलं आणि तो खमंग वास खोलीत पसरला.

“हे काय, मावशी?”

“मेतकूट. ते सोडा, ते औषध हाय. रोज देतो हिला, दोन येळा. माझं पोर वाचल्यालं त्याच्यावर.”

“यात काय काय असतं?”

आत्यांचा चेहरा उजळला. कितीतरी दिवसांनी कुणीतरी त्यांना ठाऊक असलेलं काहीतरी विचारलं होतं. त्यांनी तळहात पुढे केला आणि त्यावर दुसऱ्या हाताच्या बोटांनी जिन्नस ठेवल्यासारखं करत त्या सांगायला लागल्या.

“हरभऱ्याची डाळ जास्त. मग तांदूळ. उडदाची डाळ, मुगाची डाळ थोडी. मूठभर गहू. धनं, जिरं, मोहरी, मेथ्याचं चार दाणं. सुंठ, हळद, हिंग. समदं येगयेगळं भाजायचं, घाई न्हाय करायची, गहू फुलला की लगीच…”

त्यांचा हात हवेत थांबला.

डॉक्टरांनी झाकण हळूच लावलं. ते काहीतरी चांगलं सांगत होते, असं पुष्कळांचं होतं, हे कळलं ते उत्तम झालं, म्हणजे तो वाईट प्रकार नसण्याची शक्यता जास्त, पूडहिंगातही गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं ते आपण सांगायला हवं होतं. मला ते ऐकू येत होतं. आत्यांना काही ऐकू येत नसावं, असं वाटलं.

“म्हंजे मीच चारत हुतो,” त्या म्हणाल्या.

“आत्या, नाही.”

“रोज. दोन येळा. तूप घालून.”

रिक्षात सई रडत ओरडली. “आजी, गहू म्हणजे काय कळत नव्हतं का तुला? अख्ख्या गावाचा रवा बाहेर काढलास आणि डब्यात…” मी तिचं तोंड हातानं बंद केलं. खूप जोरात. तिच्या गालावर माझी बोटं उमटली. आत्या बाहेर बघत होत्या. रिक्षा सिग्नलला थांबली तेव्हा त्या तेवढ्याच आवाजात म्हणाल्या, “बोलू दे तिला. खरं हाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुरगूडच्या एसटीत बसल्या. भावाकडे जातो म्हणाल्या. कधी येणार, विचारलं तर म्हणाल्या, “पोरगी आल्या न्हवं. ती बघंल तुला.” जाताना डबा धुऊन पालथा घातला होता.

*

मेतकूट थांबल्यावर तीन आठवड्यांत जुलाब कमी झाले. हे लिहिताना मला आनंद व्हायला हवा. डॉक्टर म्हणाले, लव यायला या वयात महिने लागतात, वर्षही लागेल, पुन्हा तपासल्याशिवाय काही सांगता येणार नाही. सूज उतरली. पण मी या वयात पुन्हा उभी राहत होते आणि माझ्या बदल्यात एक म्हातारी खाली बसली होती, हे मला गिळवत नव्हतं. सुधीरचं माझ्याइतकं दुःख असलेलं जगात दुसरं एकच माणूस होतं आणि ते माझं पोट नीट व्हावं म्हणून घर सोडून गेलं होतं.

सई एका संध्याकाळी म्हणाली, “आजीचा फोन लागत नाही. ती उचलत नाही.” मग म्हणाली, “मी तसं बोलायला नको होतं.” मी म्हणाले, “मग चल.”

आत्यांच्या भावाचं घर गावाबाहेर, रानाला लागून. ऊस नुकताच तुटून गेला होता. पाचट बाजूला सारलं होतं आणि काळ्या मातीत बुडख्यांच्या ओळी दिसत होत्या. काहींना बोटभर हिरवे कोंब होते, काहींना काहीच नव्हतं. आत्या ओसरीवर शेंगा सोलत बसल्या होत्या. बारीक झाल्या होत्या. त्यांच्या वहिनी दारातूनच म्हणाल्या, “आल्यापास्नं चुलीम्होरं गेल्या न्हाईत. हाताचं काय खाऊ नगा म्हणत्यात.”

सई त्यांच्या पायाशी बसली आणि मांडीत डोकं घालून रडली. आत्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही. शेंगांची टरफलं तेवढी बाजूला केली.

“मला भ्या वाटतंय या हाताचं,” त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. “आता सुधीरचंबी वाटतंय. त्याला तवा वाचवला का न्हाय, काय म्हाईत. काय घातलं हुतं, काय न्हाय.”

मी याच वाक्याला इतके दिवस घाबरत होते.

“तो त्याच मेतकुटानं वाचला, आत्या,” मी म्हणाले. “मूठभर गव्हासकट. त्याला गहू सोसत होता.”

“आणि तुला न्हाय.”

“मला नाही.”

त्यांनी एक शेंग उचलली आणि न सोलताच परत ढिगात टाकली.

“मी ते खायला आलेय,” मी म्हणाले. “मेतकूट. करा.”

“खुळी हाईस का?”

“गव्हाशिवाय करा.”

“मग त्याच्या जागी काय घालायचं?”

“काही नाही.”

“तशीच ऱ्हाऊ द्यायची जागा?”

“तशीच.”

आत्या उठल्या. गुडघ्यावर हात देऊन, सावकाश. चुलीजवळ बसून त्यांनी घासलेली कढई पुन्हा घासली. मग प्रत्येक जिन्नस कढईत टाकायच्या आधी तळहातावर घेऊन माझ्यासमोर धरला. हरभऱ्याची डाळ. “चालतंय?” चालतंय. तांदूळ. “हे?” चालतंय. उडीद. मूग. धने. सई दाणा दाणा निवडत होती, एखादा वेगळा दिसला की उचलून दाखवत होती. हिंगाची डबी आत्यांनी स्वतःच मागे सारली.

मऊ भात झाला. त्यांनी तूप वाढलं, वर मेतकूट घातलं आणि समोर बसल्या. माझ्या तोंडाकडे नाही, माझ्या पोटाकडे बघत होत्या, आत काय होतंय ते पदराआडून दिसेल अशा नजरेनं. मी कालवलं आणि घास घेतला.

“लागतंय तसंच?” त्यांनी विचारलं.

मला खोटं बोलता आलं असतं.

“नाही आत्या. तसं नाही लागत.”

“न्हायच लागायचं,” त्या म्हणाल्या, आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला.